कमी पाण्याचं वॉशिंग मशीन कपडे नीट धूत नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी या क्रमाने तपासा

विक्रोळी ते मुलुंड या पट्ट्यात मी १७ वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. हल्ली मशीन बंद पडल्याच्या फोनपेक्षा या एका तक्रारीचे फोन जास्त येतात: "दादा, मशीन चालतंय व्यवस्थित, पण कपडे स्वच्छ निघत नाहीत. आमचं जुनंच बरं होतं." हप्त्यांवर घेतलेलं मशीन, घरी आल्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि सहा महिन्यांत घरातली बाई पुन्हा मोरीत बसून कॉलर चोळतेय. हे बघून मला वाईट वाटतं. बहुतेक घरी मी पाना-पक्कड न काढताच परत येतो. मी तिथे जाऊन काय बघतो ते सगळं इथे क्रमाने लिहितो, म्हणजे व्हिजिटचे पैसे तरी वाचतील.

लक्षणं

आधी एकदा धुतलेले कपडे उजेडात नेऊन नीट बघा. यातलं काय दिसतंय?

- कॉलर, मनगटाची पट्टी आणि काखेत मळाची रेघ तशीच आहे.
- काळ्या पँटवर, गडद कुर्त्यावर पांढरे पट्टे किंवा ठिपके आहेत.
- पांढरे कपडे दर धुण्याला थोडे थोडे राखाडी होत चाललेत.
- टॉवेल वाळल्यावर कडक होतो, आणि ओला केला की त्यातून फेस निघतो.
- ढिगाच्या मधल्या एखाद्या चादरीची घडी आतून चक्क कोरडी निघते.
- पॅनेलवर सव्वा तास दाखवतं, पण मशीन दोन तास चालतं. मध्ये मध्ये पाणी घेतल्याचा आवाज येत राहतो.
- कपड्यांना ओल्या फडक्यासारखा वास येतो.

यातलं "काचेतून पाणीच दिसत नाही" हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण ते लक्षण नाहीच. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे पुढून काचेचं दार असलेल्या या कमी पाण्याच्या मशीनमध्ये, पाणी काचेच्या खालच्या कडेपर्यंत जेमतेम दिसतं, कधी तेही दिसत नाही. मशीन बनवलंच तसं आहे.

हे मशीन धुतं कसं

जुन्या टॉप लोडमध्ये, म्हणजे वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये, कपडे पाण्यात पोहतात आणि खालची चकती ते घुसळते. एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज जातं. ७ किलोच्या फ्रंट लोडला धुणं आणि खंगाळणं मिळून साधारण ५० ते ६० लिटर पुरतं. ड्रम आडवा असतो, त्याच्या आतल्या उंचवट्यांच्या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि वरून खाली टाकतात. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कधी उभे राहिला असाल तर आठवून बघा. धोबी कपडा भिजवतो, साबण लावतो आणि दगडावर आपटतो. मळ निघतो तो त्या आपटण्याने. फ्रंट लोड तेच करतं.

हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुण्याचा हिशेब चार गोष्टींत मांडला: साबण, उष्णता, आपटणं-चोळणं आणि वेळ. एक कमी केली की बाकीच्या वाढवाव्या लागतात. कमी पाण्याच्या मशीनमध्ये आपण काय करतो? ड्रम ठासून भरतो, म्हणजे आपटणं गेलं. थंड पाणी लावतो, म्हणजे उष्णता गेली. १५ मिनिटांचं बटण दाबतो, म्हणजे वेळ गेला. उरला साबण, म्हणून तो दुप्पट टाकतो, आणि त्याने काम आणखी बिघडतं. खालच्या सगळ्या तपासण्या या चार गोष्टी धरूनच आहेत.

१. ड्रममध्ये किती कपडे आहेत?

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. कपडे भरल्यावर हाताचा पंजा उभा करून कपड्यांच्या ढिगावर ठेवा. ढीग आणि ड्रमचं छत यांच्यात पंजा सहज मावला पाहिजे. ढीग दाबून मग पंजा घातलात तर ती तपासणी झालीच नाही.

"पण दादा, ७ किलोचं घेतलंय ना!" हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. ते ७ किलो म्हणजे कोरडे सुती कपडे, आणि तेही फक्त 'कॉटन' प्रोग्रॅमला. सिंथेटिक किंवा मिक्स प्रोग्रॅमला बहुतेक मशीनमध्ये त्याच्या निम्मे, आणि क्विक वॉशला दोन किलोच्या आसपास. मशीनच्या पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो, तो एकदा काढून बघाच. दोन किलो म्हणजे किती? एक जीन्स पाऊण किलोपर्यंत जाते, मोठा टॉवेल अर्धा किलोच्या वर, डबलची सुती चादर किलोभर. म्हणजे एक जीन्स, एक टॉवेल आणि तीन शर्ट घातले की क्विक वॉशची हद्द संपली. घरात बॅगा तोलायचा हुकवाला काटा असेल तर एका पिशवीत कपडे घालून एकदा वजन करा. पुढच्या वेळी डोळ्यालाच अंदाज येतो.

मुंबईत मशीन ठासून भरायचं कारण आळस नाही, पाण्याची वेळ आहे. पाणी सकाळी येणार, तेवढ्यात सगळं उरकायचं, म्हणून तीन दिवसांचे कपडे एकदम. त्यातून मे-जूनमध्ये तलाव खाली गेले आणि पाणीकपात लागली की माणूस आणखी ठासतो. मला ते कळतं. पण ड्रममध्ये कपडे खाली पडायला जागा नसेल तर ते नुसते एकत्र गोल फिरतात. मधल्या घडीपर्यंत पाणीही पोचत नाही, कोरडी घडी निघते ती यामुळेच. असं धुणं पुन्हा लावावं लागतं आणि पाणी दुप्पट जातं. त्यापेक्षा एक दिवस पांढरे आणि एक दिवस रंगीत असे वार लावून घ्या.

२. बटण कोणतं दाबता?

पॅनेलवर १५ किंवा ३० मिनिटांचं बटण असं ठळक असतं की हात तिथेच जातो. तो प्रोग्रॅम एकदा घातलेल्या, फक्त घाम लागलेल्या दोन-चार कपड्यांसाठी आहे. सकाळच्या गर्दीच्या लोकलने जाऊन आलेल्या माणसाचा शर्ट त्यात निघणार नाही. घामाबरोबर अंगाचं तेल कापडात उतरतं, आणि तेल थंड पाण्याला दाद देत नाही. रोजच्या कपड्यांना ४० अंश, चादरी-टॉवेल-पांढरे सुती यांना ६० अंश, असं एक आठवडा करून बघा. रेशीम, लोकर आणि रंग जाणारे कपडे यातून वगळा, कपड्याच्या आतली पट्टी वाचा.

विजेच्या बिलाची भीती अनेकांना असते, म्हणून हिशेब सांगतो. मुंबईत नळाचं पाणी तसंही फार गार नसतं. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते. कमी पाण्याच्या मशीनचा खरा फायदा हाच आहे. पाणी थोडं, म्हणून ते तापवणं स्वस्त. हा फायदा न घेता थंड पाण्यात धुऊन मशीनला नावं ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

इको प्रोग्रॅम तीन तास चालतो म्हणून तो बिघडलाय असं समजून बरेच जण मध्येच बंद करतात. त्यात पाणी आणि उष्णता कमी केलेली असते, ती वेळ वाढवून भरून काढलेली असते. मध्ये बंद केलात तर साबण कपड्यातच राहिला.

३. पावडर: कोणती, किती, कुठल्या खणात

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण राखाडी कपडे, कडक टॉवेल आणि लांबणारा प्रोग्रॅम या तिन्ही तक्रारी बहुतेक इथूनच निघतात.

मुंबई महापालिकेचं पाणी सात तलावांचं: भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. पावसाचं साठवलेलं पाणी असल्यामुळे ते मऊ असतं, त्यात क्षार कमी. मऊ पाण्यात साबणाला फेस चटकन येतो आणि तो लवकर जातही नाही. त्यामुळे इथे पावडर कमी लागते. बादलीत भिजवायची पावडर तर फ्रंट लोडमध्ये अजिबात नको. ती मुद्दाम जास्त फेसाची केलेली असते. बादलीत फेस दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण ड्रममध्ये तो फेस गादीसारखा पसरतो आणि कपडे आपटायच्या ऐवजी त्या गादीवर अलगद पडतात. वर मशीनला फेस जाणवला की ते थांबतं, पुन्हा पाणी घेतं, पुन्हा खंगाळतं. सव्वा तासाचे दोन तास होतात ते असे. काही मशीन पॅनेलवर फेसाचा कोडही दाखवतात.

आता टॉवेलची परीक्षा. मशीनमधून नुकताच धुऊन निघालेला एक टॉवेल पुन्हा एकटाच ड्रममध्ये टाका, पावडर न घालता फक्त 'रिन्स' लावा आणि पाच मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तुमच्या कपड्यांत जुना साबण साठलेला आहे. त्या साबणाला नवा मळ चिकटतो आणि कपडे राखाडी होतात. उपाय सोपा आहे: दोन-तीन धुणी बिनपावडरीची लावा, कपड्यांना चालेल तेवढ्या गरम पाण्यात. पहिल्या धुण्याला इतका फेस येतो की लोक मला विचारतात, "तुम्ही गुपचूप काही टाकलंत का?" त्यानंतर पाकिटावर दिलेल्या मापाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. मळ राहिला तर थोडी वाढवा.

तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर हे उलटं आहे. जड पाण्यात फेस होत नाही आणि पावडर पूर्ण माप लागते. टँकर फक्त उन्हाळ्यात येत असेल तर पावडरीचं मापही उन्हाळ्यात बदला.

खण बघा. ड्रॉवरमध्ये तीन खण असतात. दोन उभ्या रेघा असलेला खण मुख्य धुण्याचा. एक रेघ असलेला प्री-वॉशचा, म्हणजे मुख्य धुण्याआधीच्या धुण्याचा. फुलाची खूण असलेला सॉफ्टनरचा. पावडर एका रेघेच्या खणात टाकून साधा प्रोग्रॅम लावला तर ती बहुतेक तिथेच गोळा होऊन बसते आणि कपडे नुसत्या पाण्यात धुतले जातात. मुलुंडच्या एका घरी आजी वर्षभर मोठ्या भक्तिभावाने पावडर फुलाच्या खणात घालत होत्या. ती शेवटच्या खंगाळण्याला उतरायची. काळ्या कपड्यांवरचे पांढरे पट्टे तिथूनच येत होते.

४. ड्रेन पाइपचं टोक कुठे आहे?

ही एक तपासणी प्रत्येकाने करावी. मुंबईच्या घरांत मी सगळ्यात जास्त वेळा पकडलेली चूक ही आहे, आणि ती मशीन वापरणाऱ्याची नसते, बसवून देणाऱ्याची असते.

भांडुपला टेकडीवरच्या चाळीत एक बालवाडीच्या शिक्षिका राहतात. नवं फ्रंट लोड, आठ महिने झालेले. कंपनीचा माणूस दोनदा येऊन "ही मशीन अशीच असतात, पाणी कमीच घेतात" सांगून गेला होता. त्यांच्या सासूबाईंनी मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट माझ्यासमोर धरला. कॉलरची रेघ बोटाने चाचपता येईल इतकी जाड होती. मी कपडे कमी केले, पावडर बघितली, प्रोग्रॅम बघितला. सगळं बरोबर. मग मशीन चालू केलं आणि स्टुलावर बसून राहिलो. चार-पाच मिनिटांत मशीनने पाणी घेणं थांबवलं, ड्रम फिरायला लागला, आणि मोरीतून बारीक आवाज यायला लागला. ड्रेन पाइप मोरीच्या फरशीवर, पिंपाच्या मागे आडवा टाकलेला होता. त्याच्या टोकाखाली मी तळहात धरला. साबणाचं पाणी, बोटाएवढ्या जाडीची धार. मशीन पाणी घेत होतं आणि ते मागच्या दाराने निघून जात होतं. पावडरही त्याच्याबरोबर. त्या शिक्षिका वहिनींनी ती धार बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आठ महिने मी ह्याला बोलतेय, ह्याचा काहीच दोष नव्हता?"

कारण साधं आहे. पाणी बाहेर फेकणारा पंप बंद असला तरी त्याच्यातून पाणी जायला वाट मोकळीच असते. पाणी आत टिकतं ते पाइप वर उचलून नेलेला असतो म्हणून. पाइप मध्ये कुठेही वर न उचलता त्याचं टोक ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं की पाणी आपोआप उतरायला लागतं. पाइपचं टोक सांडपाण्याच्या नळीत फार खोल खुपसून वर कापड किंवा टेप लावून घट्ट बंद केलं तरी हेच होतं, कारण हवा न मिळाल्याने पाणी ओढलं जातं.

तपासायचं असं: प्रोग्रॅम लावा, पाणी भरून झालं की पाइपचं टोक पाच मिनिटं बघा. ते कोरडं राहिलं पाहिजे. धार किंवा ठिबक दिसली तर पाइप जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे साधारण कंबरेएवढा, उचलून अडकवा आणि मग टोक खाली सोडा. मशीनबरोबर आलेला प्लास्टिकचा वाकडा हुक त्यासाठीच असतो, बहुतेक घरी तो पिशवीतच पडून राहतो. हरवला असेल तर खिळा आणि दोरीनेही काम होतं, फक्त पाइप दुमडला जाता कामा नये. वहिनींकडे मी नाडीने बांधला होता.

५. नळाकडची जाळी

आता थोडं हात घालायचं काम. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा. मशीनच्या मागे जिथे पाणी येणारा पाइप जोडलाय तिथला नट हाताने सोडवा, खाली फडकं ठेवा. आत नखाएवढी प्लास्टिकची जाळी असते. चिमट्याने किंवा छोट्या पक्कडीने सरळ बाहेर ओढा. तांबडा गाळ, गंजाचे पापुद्रे, वाळूचे दोन-चार कण हमखास निघतात. जुन्या टूथब्रशने नळाखाली धुऊन परत बसवा. जाळी काढून टाकून मशीन चालवू नका, तोच गाळ पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि मग व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

ही जाळी तुंबली की पाण्याला जोर राहत नाही, आणि ड्रॉवरमधली पावडर धुऊन खाली जात नाही. ड्रॉवरमध्ये ओला लगदा राहत असेल तर इथूनच सुरुवात करा. सोसायटीची टाकी साफ झाली, रस्त्यात पाइपलाइनचं काम झालं किंवा नळाला लाल पाणी आलं, की त्या आठवड्यात जाळी बघायचीच.

६. पाण्याचा जोर

जाळी साफ करूनही फरक नसेल तर मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. दीड-दोन मिनिटांत भरली तर ठीक. चार-पाच मिनिटं लागत असतील तर प्रश्न मशीनचा नाही.

बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या व्हॉल्व्हपेक्षा तीन मीटर, साधारण दहा फूट उंच हवं. लोकांना वाटतं गच्चीवरची टाकी आपल्या डोक्यावरच आहे म्हणजे आपल्याला भरपूर जोर. खरं म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यालाच सगळ्यात कमी जोर मिळतो, कारण उंचीचा फरकच थोडा. चाळीत तर मोरीवरच्या माळ्यावर टाकी ठेवून तिथून मशीनला पाइप देतात. तिथे जेमतेम तीन-चार फूट मिळतात. तिथे तुम्ही कितीही महागडं मशीन आणा, ते अर्धपोटीच चालणार.

उपाय म्हणजे तुमच्या स्वतःच्या टाकीनंतर छोटा प्रेशर पंप, तोही प्लंबरकडून. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावायचा नाही. तो बेकायदा आहे आणि शेजाऱ्याच्या नळाचं पाणी ओढून घेतो. आणि एक मत स्पष्ट सांगतो, काही दुकानदारांना ते आवडणार नाही: जिथे पाणी दिवसातून तासभर येतं आणि टाकी माळ्यावर आहे, तिथे सेमी ऑटोमॅटिकच घ्यावं. त्यात पाणी बादलीने ओतता येतं. मी अशा घरांना फ्रंट लोड घेऊ देत नाही, आधी विचारलं तर.

७. खालचा फिल्टर, दाराचं रबर आणि वास

पुढे खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं. प्लग काढा, ताटली किंवा पसरट डबा लावा, झाकण हळूहळू फिरवा. गरम धुणं नुकतंच झालं असेल तर थांबा, पाणी भाजतं. आत नाणी, सेफ्टी पिना, केस, ब्लाउजचे हुक असं सगळं निघेल. हा फिल्टर तुंबला की घाण पाणी पूर्ण बाहेर जात नाही आणि तुमचं खंगाळणं त्याच पाण्यात होतं. महिन्यातून एकदा साफ करा. दाराच्या रबराची घडी उलटून पुसा, तिथे काळपट चिकट थर असतो. मग ड्रम रिकामा ठेवून सगळ्यात गरम प्रोग्रॅम किंवा 'टब क्लीन' लावा. धुणं झाल्यावर दार आणि ड्रॉवर किलकिले उघडे ठेवा, घरात लहान मूल असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवून. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कधीही एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. मोरी लहान आणि खिडकी बंद असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

जुलै-ऑगस्टमध्ये फक्त वासाचीच तक्रार असेल तर मशीनच्या आधी दोरीकडे बघा. घरात पंख्याखाली दीड दिवस न वाळलेल्या कपड्यांना वास येणारच. स्पिन वाढवा, दोन कपड्यांत अंतर ठेवा.

८. पाणी तापतंय का?

६० अंशांचा प्रोग्रॅम लावा. अर्ध्या तासाने दाराच्या काचेला हाताची मागची बाजू हलकेच लावा. काच स्पष्ट गरम लागली पाहिजे. थंडच असेल तर हीटर, त्याचा सेन्सर किंवा वायरिंग यांत काहीतरी आहे. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये हीटरवर क्षारांचा थर चढलेला मी नेहमी बघतो. काच गार आहे एवढं कळलं की तुमचं काम संपलं. हीटरला हात लावायचा नाही.

टॉप लोडवाल्यांसाठी थोडक्यात: पाण्याची पातळी 'ऑटो'वर सोडली की मशीन सुक्या कपड्यांच्या वजनावरून अंदाज बांधतं. ओले भिजवलेले किंवा हलके पण फुगीर कपडे घातले की तो अंदाज चुकतो. पातळी हाताने एक पायरी वर ठेवा. आणि आतली लव गोळा करणारी जाळीची पिशवी फाटली असेल तर नवी घ्या, काळ्या कपड्यांवरची पांढरी लव त्याने थांबेल.

मशीनकडून कशाची अपेक्षा ठेवू नये

हळदीचा डाग, तेलाचा डाग, पावसात गुडघ्यापर्यंत उडालेला चिखल आणि चार दिवस घातलेल्या शर्टाची कॉलर, हे कुठलंही कमी पाण्याचं मशीन एका फेरीत काढत नाही. कॉलरला आणि काखेला ओला साबण लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग टाका. चिखल आधी वाळू द्या, झटका, मग टाका. एवढं केल्यावर मशीन आपलं काम करतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, एमसीबी किंवा ईएलसीबी (धोका झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो. प्लग काढा, पुन्हा लावून बघू नका. आधी अर्थिंग तपासून घ्या.
- जळका वास येतो, किंवा मशीनच्या खालून पाणी येतं.
- स्पिनला घरघर किंवा खडखड वाढत चाललीय, रिकामा ड्रम हाताने वर-खाली हलतो. बेअरिंग गेलेलं असतं. तसंच चालवलं तर ड्रमसुद्धा जातो.
- ६० अंशांनाही काच थंडच राहते.
- वरच्या आठही गोष्टी बरोबर आहेत, तरी मशीन नेहमीपेक्षा कमी पाण्यात सुरू होतं. पाण्याची पातळी सांगणाऱ्या सेन्सरची बारीक हवेची नळी साबणाने तुंबलेली असू शकते. काम छोटं आहे, पण त्यासाठी मशीन उघडावं लागतं.
- वॉरंटी चालू आहे आणि मागचं पत्र्याचं झाकण काढावं लागणार आहे. झाकण काढायचंच नाही.

फोन करताना "कपडे निघत नाहीत" एवढंच सांगू नका. बादली किती मिनिटांत भरली, ड्रेन पाइपचं टोक कोरडं होतं की नाही, काच गरम झाली का आणि मजला कितवा, हे चार सांगा. येणारा माणूस योग्य तो पार्ट घेऊन येईल. आणि पैसे देऊन पार्ट बदलून घेतला तर जुना काढलेला पार्ट त्याच्याकडून मागून घ्या, तो तुमचा असतो.